विचारा तर खरं : तरंगंबाडीचा पाद्री आणि तमिळ खिळे

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं की भारतातल्या भाषेत बायबल पहिल्यांदा कुठे छापलं गेलं. जागा कमी होती म्हणून मी चारच ओळी लिहिल्या. गाव तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं तरंगंबाडी, साल १७१४-१५, भाषा तमिळ, पुस्तक नवा करार (बायबलाचा येशूपासून पुढचा भाग; त्याआधीचा तो जुना करार) आणि भाषांतर बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग नावाच्या जर्मन ल्यूथरपंथी पाद्र्याचं. त्या चार ओळींवर पत्रांचा ढीग लागला. संपादक म्हणाले, "काका, या महिन्याचं सदर त्याच्याच नावे करून टाका." करतो. फक्त आधीच सांगून ठेवतो, मी धर्मशास्त्राचा माणूस नाही. माझी हयात सदाशिव पेठेतल्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यात गेली. शिसं, शाई आणि कागदाचा विषय निघाला की मी तिथे रेंगाळणार, त्याला इलाज नाही.

प्रश्न : काका, ल्यूथरपंथी म्हणजे नेमके कोण? आणि हा माणूस कुठला, कुणाचा?
– एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : बाई, पंथाचं थोडक्यात उरकतो. मार्टिन ल्यूथर हा जर्मन मठवासी आणि बायबलचा प्राध्यापक. १५१७ पासून त्याचं रोमच्या पोपशी वाजलं. वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून बसला असताना, १५२१-२२ च्या हिवाळ्यात, त्याने अख्खा नवा करार ग्रीकमधून जर्मनमध्ये आणला आणि सप्टेंबर १५२२ मध्ये तो छापूनही निघाला. त्याला मानणारे ते ल्यूथरपंथी. धर्मग्रंथ नांगरधाऱ्याला आणि मोलकरणीलाही आपल्या भाषेत कळला पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

त्सिगेनबाल्ग याच हट्टात वाढलेला. जन्म १६८२, सॅक्सनीतल्या पुल्सनिट्झ गावात. वडील धान्याचे व्यापारी. आई तो लहान असतानाच गेली. जाताना तिने मुलांना सांगितलं म्हणतात, की तुमच्यासाठी ठेवा ठेवलाय तो बायबलात शोधा, त्याचं पान न् पान मी आसवांनी भिजवलं आहे. पुढे वडीलही गेले आणि बहिणीने सांभाळलं. गोर्लिट्झला शाळा झाली, काही काळ बर्लिनला काढला आणि मग हाले विद्यापीठ. तिथे आउगुस्ट हेर्मान फ्रांके हा त्याचा गुरू. फ्रांकेने अनाथाश्रम, शाळा, औषधालय असा मोठा पसारा उभा केला होता. आपला पोरगा मात्र तब्येतीने तोळामासा. आजारपणामुळे शिक्षणही सलग झालं नाही. अशा माणसाला विषुववृत्ताच्या शेजारी पाठवायचं कुणाच्या मनात आलं, असं वाटणं साहजिक आहे. पण तो गेला, आणि तेरा वर्षांत त्याने जे केलं ते धडधाकट माणसाच्या हातूनही होणं कठीण.

प्रश्न : जर्मन पाद्री, डेन्मार्कचा राजा आणि तमिळ गाव ही खिचडी कशी शिजली? तेव्हा तिकडे आपल्या मराठ्यांचं राज्य होतं ना?
– एक इतिहासप्रेमी, सातारा

उत्तर : होतं. म्हणूनच तुमचं पत्र वर घेतलं.

१६२० साली तंजावरचा राजा रघुनाथ नायक याने डॅनिश लोकांना तरंगंबाडीत व्यापाराची परवानगी दिली. करार सोन्याच्या पत्र्यावर कोरलेला होता आणि तो आजही कोपनहेगनमध्ये जपून ठेवलेला आहे. ओव्हे ग्येडे या आरमारी सरदाराने तिथे डॅन्सबोर्ग किल्ला बांधायला घेतला. डॅनिशांनी गावाचं नाव ट्रांकेबार करून टाकलं. पुढे १६७५ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तंजावरात बसले आणि डॅनिशांचा शेजारी मराठा झाला. त्सिगेनबाल्ग उतरला तेव्हा गादीवर व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे होते. नाटकं रचणारा, पंडितांना अग्रहारं देणारा राजा. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, ते वर्ष १७०६. औरंगजेब अजून दख्खनमध्ये होता आणि पुढच्याच वर्षी भिंगारला मेला.

डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याला आपल्या वसाहतीत धर्मप्रचारक हवे होते. त्याच्या देशातलं कुणी जायला तयार होईना, म्हणून त्याच्या दरबारी पाद्र्याने बर्लिनच्या ओळखी वापरल्या. तिथून त्सिगेनबाल्ग आणि हाइन्रिश प्ल्युत्शाऊ हे दोघे मिळाले. नोव्हेंबर १७०५ मध्ये 'सोफिया हेडविग' जहाज कोपनहेगनहून निघालं आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून ९ जुलै १७०६ रोजी तरंगंबाडीला लागलं. राजाने पाठवलेले पाहुणे, तेव्हा स्वागत जंगी झालं असेल असं वाटेल. किल्ल्याचा मुख्य अधिकारी हासियस याने त्यांना दारातच ताटकळत ठेवलं. किल्ला होता डॅनिश व्यापारी कंपनीचा. कंपनी व्यापाराला आलेली, तिला धर्माची कटकट नको होती.

शेजारच्या मराठी मुलखात मात्र तो जवळजवळ पोचलाच नाही. तंजावरच्या हद्दीत गोऱ्या माणसाने राजाच्या परवानगीशिवाय शिरणं धोक्याचं होतं. १७०९ मध्ये तमिळ पोशाख करून तो निघाला, पण वाटेतूनच त्याला परत फिरावं लागलं.

प्रश्न : तेव्हा हाताशी ना शब्दकोश, ना व्याकरण. तमिळसारखी भाषा तो शिकला कशी?
– भाषाशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : पोरांच्या रांगेत बसून. गावात एक म्हातारे पंतोजी होते, त्यांची शाळाच त्याने आपल्या घरी आणली. मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवायची आणि हा चोवीस वर्षांचा पाद्री त्यांच्या शेजारी मांडी घालून तेच करायचा. पंतोजींना युरोपातली भाषा येत नव्हती, त्यामुळे अक्षर आलं तरी अर्थ लागेना. मग अळगप्पन नावाचा दुभाषी गाठला. त्याला पोर्तुगीज, डॅनिश, डच आणि जर्मन येत होतं. किनाऱ्यावरच्या व्यापारात तेव्हा पोर्तुगीज चालायची, म्हणून पाद्र्यांनी तीही शिकून घेतली.

त्याच्या एका पत्रात दिवसाचा क्रम दिला आहे. सकाळी सात ते आठ जुने शब्द आणि वाक्प्रचार घोकायचे. आठ ते बारा फक्त तमिळ ग्रंथ, तेही आधी न वाचलेले. शेजारी एक वृद्ध कवी आणि एक लेखनिक. कवी अर्थ सोडवून सांगणार आणि अडलेला शब्द लेखनिक टिपून घेणार. जेवताना कुणीतरी वाचून दाखवणार. तिसऱ्या प्रहरी पुन्हा ग्रंथ. रात्री डोळे थकले की दुसऱ्याने ताडपत्रं वाचायची आणि याने ऐकायची. ताडपत्रावरची ओरखडलेली अक्षरं समईच्या उजेडात वाचणं म्हणजे काय शिक्षा आहे, हे जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यालाच कळेल.

पोथ्या जमवायला त्याने आपले लेखनिक दूरदूरच्या गावी पाठवले. पंडित वारला की घरातल्या बायकांना पोथ्यांचं काय करावं कळत नसे, त्यांच्याकडून त्या विकत मिळत. १७०८ पर्यंत संग्रह शंभराच्या वर गेला. त्याची त्याने यादी केली आणि प्रत्येक पोथीत काय आहे, कोण ती कुठे वाचतो, हेही लिहून ठेवलं. 'कोन्ड्रै वेंदन', 'उलगनीति' आणि 'नीतिवेण्बा' ही तमिळ शाळकरी मुलांची नीतीची पुस्तकं त्याने त्याच वर्षी जर्मनमध्ये नेली. बायबल तमिळमध्ये आणायला बसण्याआधीची ही कामं आहेत, हे लक्षात घ्या. माझ्या मते त्याच्या चरित्रातला सगळ्यात मोलाचा भाग हाच.

बोलीच्या शब्दांचा जो कोश त्याने सिद्ध केला त्यात चाळीस हजार शब्द होते. काव्यातल्या शब्दांचा कोश वेगळा. त्याचं तमिळ व्याकरण लॅटिनमध्ये लिहिलेलं, ते १७१६ मध्ये हालेत छापलं गेलं.

प्रश्न : त्याला तुरुंगात टाकलं होतं असं वाचलं. धर्मांतरामुळे का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : नाही, एका न्हाव्याच्या विधवेमुळे. तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या उधारीवरून कंपनीच्या नोकरीतल्या एका कॅथलिक दुभाष्याशी तंटा होता. त्सिगेनबाल्ग तिच्या बाजूने उभा राहिला. हासियसला निमित्तच हवं होतं. नोव्हेंबर १७०८ मध्ये उचलून किल्ल्यात टाकलं, ते चार महिने सोडलं नाही. सुरुवातीला दौत-लेखणीही देत नव्हते. नव्या कराराचं भाषांतर त्याने १७ ऑक्टोबर १७०८ ला सुरू केलं होतं, म्हणजे काम जेमतेम महिनाभर चाललेलं. पुढे लिहायची सोय झाली तेव्हा त्याने कोठडीत दोन पुस्तकं लिहून काढली. मार्चमध्ये सुटला आणि पुन्हा कामाला बसला. ३१ मार्च १७११ ला नवा करार पुरा झाला. मूळ ग्रीकवरून केलेला, शेजारी ल्यूथरचं जर्मन आणि बाकीची भाषांतरं उघडी ठेवून.

प्रश्न : काका, तुम्ही छापखान्यातले. तीनशे वर्षांपूर्वी खेड्यात तमिळ छपाई कशी केली असेल ते सविस्तर सांगा ना.
– डी.टी.पी. करणारा एक तरुण, कोल्हापूर

उत्तर : जियो बाळा. हा प्रश्न आला नसता तर मी स्वतःच पाठवला असता.

आधी यंत्र. लंडनमध्ये ख्रिस्ती ज्ञानप्रसाराची एक संस्था होती, पंथाने अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची. तिने या ल्यूथरपंथी पाद्र्यांना एक छपाई यंत्र, रोमन खिळे, कागद आणि योनास फिंके नावाचा मुद्रक असं सगळं १७११ मध्ये जहाजात घालून दिलं. वाटेत ब्राझीलला, रिओ दि जानेरोत, जहाज फ्रेंचांच्या तावडीत सापडलं. सुटका होऊन पुढे निघालं तर फिंके प्रवासातच वारला. १७१२ मध्ये यंत्र तरंगंबाडीला पोचलं, पण चालवणारा नाही. शोधाशोध केल्यावर कंपनीच्या शिपायांत एक जण निघाला, त्याला छपाईचं काम येत होतं. त्याच्या जिवावर पोर्तुगीज पुस्तकं निघायला लागली. आमच्या धंद्यातही हे पाहिलंय, की मशीन येतं वाजतगाजत आणि मशीनमन मिळेस्तोवर त्यावर धूळ बसते.

आता तमिळ खिळे. भारतात तेव्हा ते पाडणारं कुणी नव्हतं. पाद्र्यांनी अक्षरांचे नमुने काढून हालेला धाडले. तुला कॉम्प्युटरवर फॉन्ट मिळतो, म्हणून खिळा कसा होतो ते सांगतो. पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. तो ठसा तांब्यात ठोकला की मातृका तयार. मातृका साच्यात बसवून वर वितळलेलं शिसं ओतलं की एक खिळा पडतो. असे एकेका अक्षराचे शेकड्यांनी पाडायचे. त्यात हालेच्या कारागिराला तमिळचं एक अक्षर कळत नाही. कुठली रेघ अक्षराचा जीव आहे आणि कुठली नुसती लिहिणाऱ्याच्या हाताची लकब, हे त्याने कसं ओळखावं? तरी त्याने केलं. १७१३ मध्ये ते खिळे आणि दुसरं यंत्र घेऊन योहान गॉटलिब आडलर आला. बरोबर त्याचा कोवळ्या वयाचा भाऊ.

खिळे उत्तम, पण ढबोले. युरोपात बसून अक्षर कोरणाऱ्याने धोका नको म्हणून मोठं कोरलं असणार, असा माझा जुळाऱ्याचा तर्क. अक्षर मोठं म्हणजे पानात मजकूर कमी, पानं जास्त, आणि कागद तर समुद्रापलीकडून यायचा. तो पुरेना. मग आडलरने तरंगंबाडीतच लहान अंगाचे खिळे पाडायचं ठरवलं. त्याला शिसं कुठून आणायचं? लंडनकरांनी पाद्र्यांच्या जेवणासाठी चेशायर चीज पाठवलं होतं. ते प्रवासात टिकावं म्हणून शिशाच्या वेष्टनात गुंडाळलेलं असे. चीज खाल्लं आणि वेष्टनं वितळवली. नुसतं शिसं मऊ पडतं, चार छापांत अक्षराची धार जाते. म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी घालावी लागते. कुठल्या प्रमाणात घातली हे ज्याचं त्याला ठाऊक, पण पुस्तकं तर छापून निघाली.

तमिळचं एक बरं असतं. आपल्या बालबोधीला, म्हणजे देवनागरीला, जोडाक्षरं, वरच्या मात्रा, खालचे उकार, रफार. त्यापायी जुळाऱ्यापुढे चार केसी (खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्या) मांडाव्या लागत आणि हात लांब करून करून खांदा दुखे. तमिळमध्ये जोडाक्षरांचं झंझट फार नाही. बऱ्याच खुणा अक्षराच्या शेजारी बसतात. आडलरच्या जागी मी असतो तर या कारणाने तरी देवाचे आभार मानले असते.

चार शुभवर्तमानं आणि प्रेषितांची कृत्यं, ही नव्या करारातली पहिली पाच पुस्तकं, १७१४ मध्ये छापून झाली, बाकीचा नवा करार १७१५ मध्ये. मग पोरैयारला, तरंगंबाडीच्या शेजारीच, कागदाची गिरणी घातली. शाईही तिथेच करायला लागले. खिळे, शाई, कागद, छपाई, बांधणी सगळं दोन गावांच्या पंचक्रोशीत. आम्ही पुण्यात असूनही कागदासाठी मुंबईच्या व्यापाऱ्याचे उंबरे झिजवत होतो.

प्रश्न : सरळ विचारतो. आला होता तो धर्म बदलायला. मग एवढं कौतुक कशाला?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सरळच सांगतो. हो, त्यासाठीच आला होता आणि त्याने ते कधी लपवलं नाही. १७१३ मध्ये तरंगंबाडीत जे तमिळ साहित्य आधी छापलं गेलं, त्यात 'अक्कियानम्' म्हणजे अज्ञान अशा नावाची एक पुस्तिका आहे. हिंदूंची पूजाअर्चा हे अज्ञान, असा तिचा सूर. ती वाचून तुम्हाला राग येणार आणि तो रास्त आहे.

पण त्याच माणसाने त्याच वर्षी दक्षिणेतल्या देवदेवतांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. शिव, विष्णू, मुरुगन, गावदेव्या, अय्यनार. कुणाचं देऊळ कसं, उत्सव कोणते, कुठली पोथी काय सांगते. हे त्याने ऐकीव लिहिलं नाही. तमिळ लोकांना प्रश्न लिहून पाठवले आणि त्यांची उत्तरं जर्मनमध्ये उतरवली. त्या पत्रांपैकी नव्व्याण्णव हालेत छापलीही गेली. त्यांत लोकांनी ख्रिस्ती लोकांचे वाभाडे काढलेत. हे दारू पितात, गाय मारतात, अंघोळीचा पत्ता नाही, आणि आम्हाला धर्म शिकवतात! त्याने ते तसंच्या तसं पाठवून दिलं.

आणि देवदेवतांचा तो ग्रंथ? फ्रांकेने तो छापायला नकार दिला. मूर्तिपूजा निपटायला तुम्हाला पाठवलंय, तिच्या कथा युरोपात पसरवायला नाही, असा त्याचा अभिप्राय. हस्तलिखित हालेत पडून राहिलं. १८६७ मध्ये विल्हेल्म गेर्मान याने ते मद्रासला छापलं. दीडशे वर्षं! लेखकाचं काम गुरूनेच कपाटात कोंडलं म्हणायचं. आज त्या काळच्या तमिळ धर्मजीवनाचा अभ्यास करणाऱ्याला तो ग्रंथ टाळता येत नाही.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर ठाण्याहून पुन्हा पत्र येईल. त्या मंडळीच्या चर्चमध्ये पुढे बरीच वर्षं जातीजातीच्या बैठका वेगळ्या राहिल्या. धर्म बदलला तरी सतरंजी बदलली नाही.

प्रश्न : गोव्यात १५५६ ला छापखाना होता. मग तरंगंबाडी पहिली कशी?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : छपाईत पहिली नाहीच, बायबलाच्या बाबतीत पहिली. गोव्याचा मान अबाधित आहे. तमिळ छपाईचाही पहिला मान तरंगंबाडीचा नव्हे. १५७८ मध्ये कोल्लमला हेन्रीके हेन्रीकेस या जेझुइटाने (जेझुइट हा कॅथलिक पाद्र्यांचा एक संघ) तमिळ लिपीत प्रश्नोत्तरी छापली होती. आणि तुमच्या सासष्टीत रायतूरला १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण निघालं, मराठी ओव्यांत, पण रोमन लिपीत. ते बायबलातल्या कथांवरचं स्वतंत्र काव्य आहे, भाषांतर नाही. भारतीय भाषेत छापलेला अख्खा नवा करार मात्र त्सिगेनबाल्गचाच पहिला.

प्रश्न : त्याचं लग्न झालं होतं का?
– नाव कळवू नये, अकोला

उत्तर : झालं होतं. १७१४ च्या शेवटाला तो युरोपला निघाला. सोबत मलैयप्पन नावाचा तमिळ तरुण होता, जहाजावरही तमिळचा सराव आणि लिखाण चालू राहावं म्हणून. राजा फ्रेडरिक तेव्हा श्ट्रालझुंडला वेढा घालून बसला होता, तिथे छावणीतच भेट झाली. १७१६ मध्ये मारिया डोरोथेआ साल्झमान हिच्याशी लग्न केलं, लंडनला जाऊन राजा पहिला जॉर्ज आणि कँटरबरीच्या आर्चबिशपांना भेटला आणि त्याच वर्षी बायकोसह परतला.

प्रश्न : त्याचं तमिळ चांगलं होतं का? आजचे तमिळ ख्रिस्ती तेच बायबल वाचतात का?
– अनुवादाचं काम करणाऱ्या एक बाई, नागपूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, नाही. आणि पहिल्याचं, जाणकार त्याला पैकीच्या पैकी देत नाहीत. त्याचाच समकालीन जेझुइट कॉन्स्टान्झो बेस्की हा तमिळचा खरा पंडित, त्याने तमिळमध्ये महाकाव्य रचलं. त्याने तरंगंबाडीच्या भाषांतराची यथेच्छ टर उडवली. भाषेइतकंच त्यात पंथाचं भांडण होतं, हे खरं. पण त्सिगेनबाल्गच्या मागून आलेल्या ल्यूथरपंथी बेन्यामिन शुल्त्झेलाही ते पसंत नव्हतं.

जुन्या कराराचं काम त्सिगेनबाल्गच्या हयातीत रूथच्या पुस्तकापर्यंतच, म्हणजे सुरुवातीच्या भागापर्यंतच, आलं होतं. शुल्त्झेने ते पुढे नेलं आणि १७२८ पर्यंत पुरं छापलं. मग आला योहान फिलिप फाब्रिसियस. १७४० मध्ये तरंगंबाडीला उतरला, दोन वर्षांनी मद्रासला गेला आणि तिथेच जवळजवळ पन्नास वर्षं राहिला. त्याने जुनं भाषांतर ओळ न् ओळ धुऊन काढलं. तमिळ माणसाला वाचून दाखवायचं, तो अडखळला की बदलायचं, अशी त्याची पद्धत. मद्रासच्या वेपेरीत त्याला छापखानाही मिळाला. १७६१ मध्ये इंग्रजांनी पाँडिचेरी जिंकली तेव्हा फ्रेंचांचं यंत्र लुटीत आलं होतं, तेच त्याच्या हवाली झालं. त्याची भाषा तमिळ ल्यूथरपंथीयांच्या कानात पुढे कैक पिढ्या बसली. व्यवहारात मात्र बिचारा भोळा. मंडळीचे आणि लोकांचे पैसे भलत्याला उसने दिले, ते बुडाले आणि म्हातारपणी कर्जापायी तुरुंग पाहावा लागला. १७९१ मध्ये वारला.

बाई, तुम्ही अनुवादाचं काम करता म्हणून सांगतो. पहिल्या माणसाचं भाषांतर ओबडधोबडच असतं. पण फाब्रिसियसला दुरुस्त करायला काहीतरी छापलेलं हातात मिळालं, ही त्सिगेनबाल्गची कमाई मी कमी मानत नाही. आणि मुखपृष्ठावर एकाचंच नाव आहे म्हणून फसू नका. त्यामागे पंतोजी आहेत, अळगप्पन आहे, तो वृद्ध कवी आणि शब्द टिपणारा लेखनिक आहे, मलैयप्पन आहे.

प्रश्न : आम्ही तंजावरचे मराठी. आमच्याकडे श्वार्ट्झ साहेबांचं नाव घेतात. ते याच मंडळींपैकी का?
– एक वाचक, चेन्नई

उत्तर : याच मंडळींपैकी, दोन पिढ्यांनंतरचे. क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ १७५० मध्ये तरंगंबाडीला आले. तमिळ तर शिकलेच, तंजावरच्या दरबारात वावरायचं म्हणून मराठीही शिकले. ज्या मुलखाच्या वाटेवरून त्सिगेनबाल्गला परतावं लागलं, तिथल्याच राजवाड्यात त्याच्या वारसाला मानाचं आसन मिळालं. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये मरताना दत्तक पुत्र सरफोजी यांना श्वार्ट्झच्या भरवशावर सोडलं. घरच्या तंट्यात त्या पोराचा जीव आणि शिक्षण दोन्ही श्वार्ट्झने सांभाळलं. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारले आणि सरफोजी त्याच वर्षी गादीवर आले. त्यांनी लंडनचा नामी शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून स्मारक घडवून आणलं, श्वार्ट्झच्या कबरीवरच्या शिळेसाठी स्वतः इंग्रजीत ओळी रचल्या आणि तरीही स्वतः शिवभक्तच राहिले. तंजावरच्या चर्चमध्ये ते आहे, तुम्ही पाहिलं असेलच. याच सरफोजींनी पुढे वाड्यात देवनागरी छापखाना काढला आणि इसापनीती मराठीत छापवली. छापखान्याची आवड श्वार्ट्झकडून आली असं सिद्ध करता येत नाही, पण मला तसं मानायला आवडतं.

प्रश्न : त्सिगेनबाल्गचा शेवट कसा झाला? आणि तरंगंबाडी पाहायला जायचं तर काय पाहावं?
– एक पर्यटक दांपत्य, डोंबिवली

उत्तर : शेवट मनस्तापात झाला. परतल्यावर त्याने नवं चर्च बांधायला घेतलं, फेब्रुवारी १७१७ मध्ये पायाभरणी आणि ११ ऑक्टोबर १७१८ ला प्रतिष्ठा. तेवढ्यात कोपनहेगनच्या मिशन मंडळाचा चिटणीस व्हेंट याची खरमरीत पत्रं यायला लागली. इमारती, शाळा, छापखाने कशाला; येशूच्या शिष्यांसारखं झोळी न घेता गावोगाव हिंडा, असा त्याचा उपदेश. खुर्चीत बसून वणवण शिकवणारे साहेब तेव्हाही होते. आधीच खंगलेला त्सिगेनबाल्ग त्याने पुरता खचला. २३ फेब्रुवारी १७१९ ला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, गेला. त्याचा सहकारी ग्रुंडलरही पुढच्याच वर्षी गेला.

पाहण्यासाठी मयिलादुथुरै स्टेशनला उतरा, तिथून बस मिळते. डॅनिशांनी १८४५ मध्ये भारतातल्या आपल्या बाकीच्या ठाण्यांसकट हे ठाणं साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकलं, त्यानंतर व्यापार नागपट्टिणमकडे गेला आणि गाव जसंच्या तसं राहिलं. गावाची वेस अजून उभी आहे, तिच्यावर डॅनिश राजचिन्ह आहे. आत सरळ रस्त्याने गेलात की न्यू जेरुसलेम चर्च, तेच १७१८ चं. त्सिगेनबाल्गची कबर आतच आहे, वेदीजवळ. पुढे डॅन्सबोर्ग किल्ला, त्यात संग्रहालय आहे. समुद्राकाठचं मासिलामणिनाथाचं पांड्यकालीन देऊळ चुकवू नका, त्याचा पुढचा भाग लाटांनी खाल्ला आहे. २००४ च्या त्सुनामीचा तडाखाही या गावाला बसला होता. रविवारी सकाळी चर्चमध्ये उपासना चालू असते, तेव्हा कॅमेरा पिशवीतच ठेवा. उन्हाळ्यात जाऊ नका, आणि नोव्हेंबरातही नको, तिकडचा पाऊस तेव्हा असतो. जानेवारी-फेब्रुवारी बरा.